आपण कानानें वाचतों कीं डोळ्यांनीं?

गेल्या हिवाळ्यांत आमच्या आठवीच्या वर्गाची सहल सेवाग्रामास गेली होती. आदिनिवास, बापूकुटी वगैरे पाहून झाल्यावर सायंकाळच्या प्रार्थनेस मुलांसह आम्ही जाऊन बसलों. आश्रमाच्या प्रार्थनेंत ‘नम्यो हो रेंगे क्यो’ असा एक बौद्ध मंत्र आहे. तो मुलांनीं प्रथमच ऐकला. परततांना मोटारींत त्याचाच गजर सुरू झाला. वाचनस्पर्धेंत दरवर्षीं पहिला येणारा आमचा एक विद्यार्थी पुढच्या बाकावर होता. प्रार्थनेच्या पुस्तिकेंत त्यानें ती ओळ एकदांच पाहिली होती, पण एक मात्राहि न चुकतां तो ती खडाखडा म्हणून दाखवीत होता, आणि बाकीचीं मुलें त्याच्यामागून म्हणत होतीं. इतक्यांत मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, ह्याचा मतलब काय जी?”

हा विचारणारा मुलगा वर्गांत वाचण्यास उभा राहिला कीं इतर मुलें एकमेकांकडे पाहून हंसूं लागत. जोडाक्षर आलें कीं तो थांबे, ओळीवर बोट ठेवी, आणि वाक्याच्या शेवटास पोंचेपर्यंत सगळ्यांचा धीर संपे. त्याच्या प्रगतिपुस्तकांत ‘वाचन कच्चें’ असा शेरा आम्हींच आमच्या हातानें दोन वर्षें लिहिला होता. त्या सायंकाळीं मात्र उलटा प्रकार झाला. ज्यास वाचतां येत होतें त्यानें शब्द उच्चारले. ज्यास वाचतां येत नाहीं असें आम्ही धरून चाललों होतों त्यानें अर्थ विचारला. आणि आम्ही शिक्षक असून दोघांपैकीं कोणाच्याच उपयोगीं पडलों नाहीं, कारण अर्थ आम्हांसहि ठाऊक नव्हता. “उद्यां सांगतों” असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. तें ‘उद्यां’ बरेंच लांबलें. पुढील मजकूर म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचें उशिरानें दिलेलें उत्तर होय.

१९३३ सालीं निचिदात्सु फुजीई नांवाचे जपानी बौद्ध भिक्षु वर्ध्यास येऊन महात्मा गांधींस भेटले. पुढें त्यांचे शिष्य आश्रमांत राहिले, आणि त्यांच्या पंथाचा हा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेंत आला. गीताई मंदिराजवळचा विश्वशांति स्तूप आमच्या वाचकांनीं पाहिलाच असेल; तोहि याच पंथाचा आहे. मंत्र जपानी लोकांच्या तोंडचा खरा, परंतु तो ज्या सात अक्षरांनीं लिहितात तीं अक्षरें चिनी आहेत, आणि त्याचें मूळ आपल्या संस्कृतांत आहे. ‘सद्धर्मपुंडरीक’ या बौद्ध ग्रंथाचें चिनी भाषांतर कुमारजीव या पंडितानें इ. स. ४०६ मध्यें केलें. त्या भाषांतराच्या नांवांत पांच अक्षरें आहेत. पहिल्याचा अर्थ अद्भुत, दुसऱ्याचा धर्म, तिसरें व चौथें मिळून कमळाचें फूल, आणि पांचव्याचा सूत्र. चिनी मनुष्य हीं अक्षरें ‘म्याव फा ल्येन ह्वा चिंग’ अशीं वाचतो. जपानी मनुष्य तींच अक्षरें ‘म्यो हो रेन गे क्यो’ अशीं वाचतो. अक्षरें तींच, अर्थ तोच. उच्चार मात्र दोन.

आरंभींच्या दोन अक्षरांची कथा याच्या अगदीं उलट आहे. ‘नमो’ हा शब्द भाषांतरकारांनीं भाषांतर न करतां उच्चारानेंच राखला. तो लिहिण्यासाठीं ज्यांचा उच्चार जवळपास जुळेल अशीं दोन चिनी अक्षरें त्यांनीं घेतलीं. त्या अक्षरांचा स्वतःचा अर्थ आहे ‘दक्षिण’ आणि ‘नाहीं’! परंतु कोणीहि भाविक तेथें ‘दक्षिण नाहीं’ असें वाचीत नाहीं. तेथें तो अर्थाकडे डोळेझांक करून केवळ ध्वनि घेतो, आणि पुढच्याच अक्षरापाशीं पुन्हां अर्थाकडे वळतो. सात अक्षरांची एक ओळ, परंतु तींत दोन अक्षरें कानासाठीं आहेत व पांच अर्थासाठीं. ‘सद्धर्माच्या अद्भुत कमलसूत्रास नमस्कार’ हा तिचा अर्थ. आपण तीच ओळ बाळबोध अक्षरांत लिहितों तेव्हां उच्चार सगळा हातीं येतो आणि अर्थ एका कणाचाहि राहत नाहीं. आमच्या मागच्या बाकावरील विद्यार्थ्यास नेमकी हीच उणीव जाणवली होती.

चिनी लिपि म्हणजे नुसतीं चित्रें, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. पण त्यांत थोडें तथ्य आहे, आणि तें समजण्यास चीनला जावें लागत नाहीं. वर्ध्याच्या बाजारांत ‘५’ असा अंक पाटीवर लिहिलेला असला तर मराठी मनुष्य त्यास ‘पांच’ म्हणतो, तेलुगु मनुष्य ‘अयिदु’ म्हणतो, आणि हिंदी बोलणारा ‘पाँच’ म्हणतो. त्या अंकांत ‘प’हि नाहीं आणि ‘च’हि नाहीं. डोळ्यास दिसतांच तो अर्थ सांगतो. उच्चार ज्याचा त्यानें आपल्या घरून आणावयाचा. चिनी अक्षराचें एक अंग असें आहे.

परंतु दुसरेंहि अंग आहे, आणि तें आम्हांस अधिक नवलाचें वाटलें. चिनी अक्षरांपैकीं शेंकडा ऐंशींहून अधिक अक्षरें दोन तुकड्यांचीं असतात. एक तुकडा अर्थाची दिशा दाखवितो, दुसरा उच्चाराची. ‘आई’ या अर्थाचें अक्षर पाहा. त्याच्या डाव्या बाजूस ‘स्त्री’ हें चिन्ह असतें आणि उजव्या बाजूस ‘घोडा’ हें चिन्ह. आईचा घोड्याशीं संबंध काय, असें आमच्या मुलांनीं हंसून विचारलें. संबंध एवढाच कीं, चिनी भाषेंत घोड्यास ‘मा’ म्हणतात. ‘ही एक स्त्री आहे आणि तिचें नांव मा-सारखें ऐकूं येतें,’ असें तें अक्षर वाचकास सांगतें. त्याच घोड्याच्या डाव्या अंगास ‘तोंड’ हें चिन्ह लिहिलें म्हणजे प्रश्न विचारतांना वाक्याच्या शेवटीं येणारा ‘मा’ होतो. अर्थात् ही सूचना अपुरी असते. चिनी भाषेंत स्वराच्या चढउतारानें अर्थ बदलतो. घोड्याचा ‘मा’ खालीं जाऊन वर येतो, आईचा ‘मा’ उंच व सरळ राहतो. म्हणून वाचकास अर्ध्या सूचनेवरून पुरता शब्द ओळखावा लागतो.

येथें आपल्या महाराष्ट्राच्या एका सुपुत्राचें नांव घेणें योग्य होईल. १९३८ सालीं युद्धग्रस्त चीनच्या साहाय्यास हिंदुस्थानांतून पांच डॉक्टरांचें पथक गेलें. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. चोळकर हे होते. डॉ. कोटणीस चिनी बोलण्यास व लिहिण्यास शिकले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच रुग्णसेवा करीत असतां वारले. आतां ‘कोटणीस’ हें नांव चिनी लिपींत लिहावयाचें कसें? त्या लिपींत ‘क’ नाहीं, ‘ट’ नाहीं; आहेत तीं अर्थ असलेलीं सबंध अक्षरें. तेव्हां त्यांचें नांव ‘के ती-ह्वा’ असें तीन अक्षरांनीं लिहिलें गेलें. पहिल्या अक्षरांत डाव्या अंगास ‘लांकूड’ हें चिन्ह आहे आणि उजव्या अंगास ‘के’ असा उच्चार असलेलें चिन्ह. दुसऱ्या अक्षरांतहि लांकडाचेंच चिन्ह आहे, पण तेथला उच्चाराचा तुकडा आज स्वतंत्रपणें ‘ली’ असा वाचला जातो, म्हणजे सूचना ढिली झाली आहे. आणि तिसरें अक्षर ‘ह्वा’ याचा अर्थ चीन देश. पांचहि डॉक्टरांच्या चिनी नांवांच्या शेवटीं हें ‘ह्वा’ अक्षर होतें. म्हणजे पहिलीं दोन अक्षरें कोटणिसांचा ध्वनि सांगतात आणि तिसरें त्यांचा स्नेह सांगतें. १९४२ सालीं त्यांस मुलगा झाला, त्याचें नांव ‘यिन-ह्वा’ ठेवण्यांत आलें. ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन. तें नांव ज्यानें नुसतें ऐकलें त्यास दोन ध्वनि मिळाले; ज्यानें लिहिलेलें पाहिलें त्यास दोन देश दिसले.

चीनमधील मुलांस यासाठीं श्रम फार पडतात. २०१३ सालीं तेथील सरकारनें प्रमाण अक्षरांची जी यादी प्रसिद्ध केली तींत ८,१०५ अक्षरें आहेत, आणि त्यांपैकीं ३,५०० सर्वसाधारण व्यवहाराचीं म्हणून पहिल्या वर्गांत घातलीं आहेत. आपल्या मुलांनीं बाराखडीची तक्रार करण्यापूर्वीं या आंकड्याकडे पाहावें. तरीहि ही लिपि ते टाकून देत नाहींत, यास कारण आहे. त्यांच्या भाषेंत एकाच उच्चाराचे शब्द फार आहेत. दहा, दगड, वेळ, सिंह, शिक्षक, इतिहास या सर्वांच्या शब्दांत किंवा शब्दांच्या अंगांत ‘शि’सारखा एकच ध्वनि थोड्याफार चढउतारानें येतो. कानास जेथें घोटाळा होतो तेथें डोळा निवाडा करतो. परंतु मूल शिकतें तें कानाच्या आधारानेंच. १९५८ पासून चीनमध्यें ‘पिनयिन’ नांवाची रोमन अक्षरांची उच्चारपद्धति मान्य झाली आहे. शाळेंत मुलें प्रथम तिच्या साहाय्यानें उच्चार शिकतात, मग त्यांवर अक्षरांची मांडणी होते. आपल्या वर्ध्यांतहि १९९७ सालीं स्थापन झालेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयांत चिनी भाषेचें शिक्षण देण्यांत आलें आहे, तेव्हां हा विषय आपणांस अगदींच दूरचा नाहीं.

आतां इंग्रजीकडे वळूं. ‘इंग्रजींत लिहितात एक आणि वाचतात दुसरें’ ही मुलांची तक्रार आम्ही रोज ऐकतों. ‘टू’ म्हणजे दोन. त्यांत मध्यें ‘डब्ल्यू’ कशास? ‘साइन’ म्हणजे सही. त्यांत ‘जी’ कशास? परंतु ‘ट्वेल्व्ह’, ‘ट्वेंटी’, ‘ट्विन’, ‘ट्वाइस’ हे शब्द ‘टू’शेजारीं लिहून पाहावे. बारा, वीस, जुळें, दोनदां. सगळ्यांत दोन आहेत आणि सगळ्यांत ‘डब्ल्यू’ आहे. ‘साइन’मधला मुका ‘जी’ ‘सिग्नेचर’ आणि ‘सिग्नल’ या शब्दांत बोलूं लागतो. म्हणजे तें मुकें अक्षर कानासाठीं नाहीं. डोळ्यास शब्दाचें कुळ दाखविण्यासाठीं आहे. तसेंच ‘टू’ या एका उच्चाराचे तीन शब्द इंग्रजींत आहेत, आणि तीनहि निरनिराळे लिहितात. चिनी ‘मा’सारखीच ही गोष्ट झाली. उलट, ‘वाचतों’ आणि ‘वाचलें’ यांसाठीं एकच स्पेलिंग असून एकदां ‘रीड’ व एकदां ‘रेड’ असें वाचावें लागतें. तेथें वाक्याचा अर्थ आधीं कळल्यावांचून उच्चार करतांच येत नाहीं. सर्वच स्पेलिंगांस असें कारण सांपडतें असें नाहीं. पण जेथें सांपडतें तेथें तें मुलांस सांगितलें म्हणजे पाठ करण्याचें ओझें बरेंच हलकें होतें, असा आमचा अनुभव आहे.

मग आपली बाळबोध लिपि काय नुसती कानाचीच आहे? बोलावें तसें लिहावें आणि लिहिलें तसें वाचावें, अशी तिची ख्याति आहे व ती पुष्कळ अंशीं खरीहि आहे. परंतु ‘जरा’ हा शब्द मोठ्यानें वाचून पाहा. ‘जरा थांब’ येथें ज दंततालव्य आहे. ‘जरा आणि मरण’ येथें तो तालव्य आहे. लिहिणें एक, उच्चार दोन. वाक्य कळलें तरच शब्द नीट वाचतां येतो. इंग्रजींतील ‘रीड’ आणि ‘रेड’ यांचाच हा मराठी भाऊ.

वाचकांच्या हेंहि ध्यानीं आलें असेल कीं, हा लेख आम्हीं जुन्या वळणाच्या शुद्धलेखनानें लिहिला आहे. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे नियम सरकारनें मान्य केले आणि उच्चारांत न येणारे अनुस्वार काढून टाकण्यांत आले. तत्पूर्वीं मनुष्याचें ‘नांव’ अनुस्वार देऊन लिहीत आणि नदींतील ‘नाव’ अनुस्वारावांचून. कानास दोन्ही सारखीं. डोळ्यास मात्र तो एक टिंब सांगे कीं, हांक मारावयाची आहे कीं बसून पलीकडे जावयाचें आहे. नव्या नियमांनीं मुलांचें ओझें कमी केलें, हें उत्तमच झालें. पण त्या टिंबाचें कामहि आतां संदर्भावर, म्हणजे वाचकाच्या अर्थग्रहणावर, येऊन पडलें आहे.

मोडींत तर हा भार फारच होता. ज्यांच्या घरीं वाडवडिलांचे जमिनीचे मोडी कागद असतील त्यांनीं ते काढून पाहावे. त्यांत शब्दांमध्यें जागा सोडलेली नसते, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, आणि हात न उचलतां ओळ पुढें जाते. विषय ठाऊक असलेला कारकून तो कागद झरझर वाची. ज्यास विषयच ठाऊक नाहीं त्यास अक्षरें ओळखूनहि वाक्य लागत नसे. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला, त्याविषयीं आनंदीबाईंनीं पत्रांतील ‘धरावें’चें ‘मारावें’ केलें अशी आख्यायिका आहे, आणि तीवरूनच ‘ध’ चा ‘मा’ करणें हा वाक्प्रचार पडला. कथा खरी असो वा नसो, अक्षर आणि अर्थ यांच्यामध्यें किती बारीक वाट आहे हें आपल्या लोकांनीं तींत अचूक ओळखलें आहे.

आपल्या गांवचाच आणखी एक दाखला आमच्या फार उपयोगीं पडला. १९३६ सालीं वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समिति स्थापन झाली. त्या काळीं काकासाहेब कालेलकर प्रभृतींनीं नागरी लिपींत सुधारणा सुचविल्या. छपाईचे खिळे कमी व्हावे म्हणून ‘इ, उ, ए’ हे स्वर ‘अ’लाच काना-मात्रा देऊन ‘अि, अु, अे’ असे लिहावे, ही त्यांतील एक. वर्ध्याच्या जुन्या हिंदी पुस्तकांतून हें लेखन आजहि पाहावयास मिळतें. आम्हीं फळ्यावर ‘अिमारत, अुंदीर, अेकवीस’ असे वीस शब्द या रीतीनें लिहिले आणि मुलांस एकामागून एक वाचावयास लाविलें. उच्चार सगळे ओळखीचे, नियम अर्ध्या मिनिटांत समजण्याजोगा. तरीहि आमचा स्पर्धेंत पहिला येणारा विद्यार्थी पहिल्याच शब्दावर अडखळला, आणि पुढेंहि दोन-तीन ठिकाणीं थांबला. आणि तो मागच्या बाकावरचा? तो नेहमींच्याच गतीनें वाचीत गेला, ना अधिक हळू ना अधिक जलद.

आम्ही क्षणभर चकित झालों, मग उलगडा झाला. जो जलद वाचतो तो अक्षरें जुळवीत नाहीं. ‘इमारत’ हा शब्द त्यानें इतक्या वेळां पाहिलेला असतो कीं, त्याचा डोळा ती आकृति एकदम ओळखतो. आकृति बदलली कीं त्याची वाट मोडते. जो हळू वाचतो तो प्रत्येक शब्दास पहिल्यानेंच भेटतो. त्यास जुनें वळण काय आणि नवें काय, श्रम सारखेच. नवा वाटसरू गांवोगांव विचारीत मोठ्या रस्त्यानें जातो. रोजचा जाणारा शेतांतल्या पायवाटेनें निघून जातो. वाचनाचे मार्ग हे असे दोन आहेत. एक अक्षरावरून ध्वनीकडे आणि ध्वनीवरून अर्थाकडे. दुसरा आकृतीवरून थेट अर्थाकडे. चिनी असो, इंग्रज असो वा मराठी, प्रत्येक वाचक हे दोन्ही मार्ग वापरतो. लिपीप्रमाणें प्रमाण तेवढें बदलतें.

हें केवळ आमचें अनुमान नव्हे. १९३५ सालीं स्ट्रूप नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें एक साधा प्रयोग केला, तो आपण घरीं करून पाहावा. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईनें लिहा, ‘हिरवा’ हा लाल शाईनें, असे दहा-बारा शब्द लिहून मुलास शब्द न वाचतां नुसता शाईचा रंग झटपट सांगावयास सांगा. तो अडखळेल, कारण वाचावयाचें नाहीं असें ठरविलें तरी शब्दाचा अर्थ डोक्यांत शिरतोच. चिनी वाचकांवर असे प्रयोग झाले तेव्हां दिसून आलें कीं, रंगाच्या नांवाशीं ज्याचा केवळ उच्चार जुळतो असें भलत्याच अर्थाचें अक्षरहि त्यांस अडखळवितें. म्हणजे अर्थाची म्हणून नांवाजलेली लिपि वाचतांनाहि मनांतल्या मनांत कान जागा असतो. १९८७ सालीं व्हॅन ऑर्डेन यानें इंग्रजी वाचकांस एकेक शब्द दाखवून ‘हें फूल आहे काय?’ असें विचारलें. ‘ओळी’ या अर्थाचा ‘रोझ’ हा शब्द निराळ्या स्पेलिंगाचा असूनहि गुलाबासारखा उच्चारला जातो. तेवढ्यावरून पुष्कळदां लोक त्यास फूल म्हणून बसले. त्यांच्या डोळ्यांनीं पाहिलें खरें, पण कान मध्यें बोलला.

आणि एक गोष्ट तर प्रत्येक शिक्षकानें व पालकानें मनांत ठेवण्याजोगी आहे. १९९९ सालीं वायडेल आणि बटरवर्थ या दोघां संशोधकांनीं जपानांत वाढलेल्या एका इंग्रजी घराण्यांतील सोळा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यास घरच्या इंग्रजी भाषेंत वाचणें अतिशय कठीण जाई. परंतु चिनी अक्षरांनीं भरलेली जपानी तो उत्तम वाची. मुलगा एकच, बुद्धि एकच, डोळे तेच. अक्षरांचे बारीक ध्वनि सुटे करून जोडण्याची एक कला तेवढी त्यास साधत नव्हती, आणि एका लिपींत ती फार लागत होती, दुसरींत कमी. तो इंग्लंडांत वाढला असता तर कदाचित् एखाद्या शिक्षकानें त्याच्याहि पुस्तकांत ‘वाचन कच्चें’ असें लिहून ठेविलें असतें.

हें वाचून आम्हांस आमचाच शेरा आठवला. दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गांत एक नवी परीक्षा घेतली. प्रथम पहिल्या विद्यार्थ्याकडून विदर्भांतील कापसाच्या शेतीवरचा एक उतारा मोठ्यानें वाचवून घेतला. तो त्यानें नेहमींप्रमाणें सुरेख वाचला. मग पुस्तक मिटावयास सांगून आम्हीं विचारलें, “यांत काय सांगितलें आहे?” तो गप्प राहिला, मग पहिलें वाक्य जसेंच्या तसें म्हणाला, आणि पुन्हां गप्प राहिला. त्यानें एवढा वेळ पोपटपंची केली होती, आणि तीस आम्ही दरवर्षीं बक्षीस देत आलों होतों. दुसऱ्या मुलानें तोच उतारा केवळ ऐकला होता. त्यानें आपल्या वऱ्हाडी बोलींत सगळें नीट सांगितलें, आणि वर विचारलें कीं, पाऊस लांबला तर पेरणी दुबार करावी लागते, तें यांत कां लिहिलें नाहीं? त्याच्या घरीं त्या वर्षीं तशी पेरणी झाली होती.

बाळबोध लिपीचा हा मोठा गुण आणि हाच तिचा धोका आहे. तिच्यांत ध्वनि इतका सहज हातीं लागतो कीं, तोंड चालू आहे म्हणजे मनहि चालू आहे असा भास होतो. वाचणाऱ्यास होतो, ऐकणाऱ्यास होतो, आणि शिक्षकास तर सर्वांत आधीं होतो. चिनी मुलास अर्थावांचून अक्षर ओळखणें जड जातें. आपल्या मुलास अर्थावांचून पान संपवितां येतें. म्हणून अर्थाची चौकशी करण्याचें काम आपल्याकडे लिपि करीत नाहीं, तें माणसासच करावें लागतें.

आतां आम्हीं प्रगतिपुस्तकांत ‘उच्चार’ आणि ‘आकलन’ असे दोन रकाने केले आहेत. ते दोघे विद्यार्थी आठवड्यांतून तीन दिवस एका बाकावर बसतात. एक वाचतो, दुसरा प्रश्न विचारतो. मग पुस्तक उलट बाजूस जातें. मागच्या बाकावरचा अजून जोडाक्षरापाशीं थांबतो, आणि आम्ही त्यास थांबूं देतों. त्याच्या पालकांस बोलावून आम्हीं सांगितलें कीं, अशा मुलांची तज्ज्ञाकडून तपासणी करून घेतां येते, आणि अध्ययन-अक्षमता ठरल्यास महाराष्ट्राच्या परीक्षा-मंडळाकडून जादा वेळ वगैरे सवलती मिळतात. त्याची आई म्हणाली, “गुरुजी, मला तं वाचताच येत नाही, मी काय मदत करू?”

त्या माउलीस जें सांगितलें तेंच सर्व पालकांस सांगून हा लेख पुरा करतों. मुलगा किंवा मुलगी वाचीत असतां ऐकण्यास आपणांस अक्षर येण्याची गरज नाहीं. त्यास पान वाचूं द्या, मग पुस्तक मिटूं द्या, आणि स्वयंपाक करतां करतां किंवा गोठ्यांत बसल्या बसल्या विचारा, “काय लिहिलं आहे रे त्यात?” तो अडखळला तर रागावूं नका, पुन्हां वाचावयास सांगा. आणि आपल्या मुलाचें वाचन हळू असेल तर त्यास ‘ढ’ म्हणण्यापूर्वीं हाच प्रश्न एकदां विचारून पाहा. आम्हीं तो विचारण्यास दोन वर्षें उशीर केला.